तेराव्याचा घास

"त्याला वाढू नका," सावळाराम जिलेबीवाल्या वाढप्याला म्हणाला, आणि तेही असं की समोरच्या पंगतीलाही ऐकू जावं. "लोकं काशीला जाऊन कारलं सोडत्यात. ह्या गड्यानं जगायचंच सोडलंय."

वाढपी हसला, शेजारचा पाहुणा हसला, त्याच्या पलीकडच्यांनी काय म्हणाले ते विचारून घेतलं आणि मग तेही हसले. बारामतीतलं मोठं लग्नाचं कार्यालय, टेबल-खुर्चीची पंगत, एसीच्या हवेनं गारठलेला भात, आणि त्या भाताकडे बघत बसलेला मानसिंग. भर पंगतीत कुणी मुस्काटात द्यावी तसं त्याला झालं. समोरच्या रांगेत त्याची सून प्राची बसली होती. हसू दाबायला तिनं पदर तोंडाशी नेला खरा, पण न्यायला अंमळ उशीर झाला, आणि तेवढं नेमकं त्याला दिसलं. उठून चालतं व्हावं असं फार वाटलं. पण पंगतीतून मधेच उठणं म्हणजे यजमानाच्या अन्नाचा अपमान, आणि मानसिंग रीत पाळणारा माणूस. मग बसला. मठ्ठा प्याला, हात वाळवत सगळ्यांचं होईपर्यंत बसला. सावळारामचं काय, तो पुन्हा पुन्हा जिलेबी मागून घेत होता, मिशीला पाक लागला होता, आणि त्याची त्याला शुद्ध नव्हती. बासष्टीचा बाप्या, एकुलता एक पोरगा मातीत घालून बसलेला, आणि मिशीला पाक. घरी आल्यावरही मानसिंगला आधी ती मिशी आठवायची, मग ते शब्द, आणि अंगाची लाही व्हायची.

भिगवण रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर मुलाचा, यशराजचा, फ्लॅट. गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत मानसिंग बसला की ती त्याची जागा, तिथं कुणी जायचं नाही, असा घरात न बोलता झालेला ठराव होता. त्या संध्याकाळी यशराज मात्र आला, कठड्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "सावळाकाका गमतीनं म्हणाले हो, आबा." गमतीनं! खाली गाड्या हॉर्न मारत होत्या, औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली होती, कुठल्या तरी गाडीवर वडापाव तळल्याचा वास वर येत होता. यशराज थोडा वेळ थांबला आणि आत गेला, आणि आत गेल्यावर प्राचीनं हळूच काही विचारलं, त्यावर त्यानं "नेहमीचंच" असं उत्तर दिलं. म्हणजे आपण नेहमीचे झालो. सुरुवातीला असं नव्हतं. सुरुवातीला हाच यशराज पाहुण्यांना दबक्या आवाजात सांगायचा, "आई गेल्यापासून आबांनी गोड सोडलंय," आणि पाहुणे हातातली बर्फी खाली ठेवायचे. त्या खाली ठेवलेल्या बर्फीत मानसिंगला जे मिळायचं ते कुठल्या मिठाईत मिळालं नसतं; पण हे तो स्वतःशीसुद्धा कबूल करणार नव्हता.

बायकोची, सारजाची, राख घेऊन ते नरसिंहपूरला गेले होते. नीरा आणि भीमा मिळतात तिथं ढोपरभर पाण्यात उभं राहिल्यावर गुरुजी म्हणाले, गेलेल्या माणसाच्या नावानं आवडीची एखादी वस्तू सोडायची असते. मानसिंगच्या घराण्यात असं सोडणारे पुष्कळ होऊन गेले. कुणी वांगं सोडलं, कुणी दोडका, आणि एका चुलत्यानं तर तपकीर सोडली आणि तंबाखू धरली. लोक मनात हिशेब करून सोडतात, हे गुरुजींनाही ठाऊक असतं. पण मानसिंग बोलला, "गोड सोडलं." सगळंच. साखर, गूळ, उसाचा रस, काकवी. जन्म उसात गेलेला माणूस; साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात उसाच्या चिठ्ठ्या वाटणारा चिटबॉय म्हणून लागला आणि ओव्हरसिअर होऊन निवृत्त झाला, गळिताच्या दिवसात अंगाला मळीचा वास यायचा म्हणून सारजा कपडे वेगळे धुवायची, आणि असा माणूस गोड सोडतो! काठावर एकदम गप्प झालं. सारजाच्या भावानं डोळ्याला टॉवेल लावला. पाणी पायाच्या नडग्यांना थंड लागत होतं, तळातली वाळू टाचेखालून सरकत होती, आणि त्या शांततेत मानसिंगला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. दुःखाला उभं राहायला जागा मिळाली असं वाटलं.

मग एका सोडण्यानं भागेना. माणसाला एकदा मान मिळाला की तो वाढवावासा वाटतो. गावची, वरकुट्याची जत्रा सोडली. पत्ते सोडले, रेडिओ सोडला, रंगीत सदरे सोडले. लग्नात जायचा ते फक्त तोंड दाखवायला. गावाकडचं घर बंद करून मुलाकडं आला, तेव्हा तिथली ओळखीची माणसंही त्यानं सोडून दिली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, सारजाचं नाव घेणं सोडलं. "यशराजची आई" म्हणायचं, किंवा "ती असताना" म्हणायचं. घरात तिचा फोटो होता, हार होता, पण तिच्याबद्दल कुणी काही बोलू लागलं की मानसिंग असा गप्प व्हायचा की बोलणाऱ्याला आपण चप्पल घालून देवघरात शिरलो असं वाटावं. हळूहळू कुणी बोलेनासं झालं. नातीच्या वाढदिवसाला केकचा तुकडा तिनं आपल्या हातानं पुढं केला, तो त्यानं बाजूला सारला, पोरगी हिरमुसून रडली, आणि स्वयंपाकघरात प्राची भांड्यांशी बोलावं तसं बोलली, "कुणासाठी चाललंय हे, देव जाणे." ऐकू यावं म्हणूनच बोलली असावी. मानसिंगनं तेही मनात ठेवलं. अशा गोष्टी ठेवायला त्याच्या मनात जागा भरपूर होती.

आणि आता सावळाराम. इंदापूरच्या वसतिगृहात एका खोलीत काढलेली वर्षं, त्यामुळं हा माणूस आयुष्यातून काढून टाकता येत नव्हता, बाभळीचा काटा पायात मोडून राहावा तसा राहिला होता. पहिल्यापासून त्याला एकच रोग, दुसऱ्याला पुढं ढकलायचं. मानसिंगला पोहता येत नव्हतं तेव्हा कालव्यावर मागून ढकलून दिलं. कारखान्यात भरती निघाली तेव्हा मानसिंग म्हणत होता, आपल्याला कोण घेतंय, तर ह्यानं त्याला सायकलवर बसवून नेलं. सारजाला बघायला जायच्या दिवशी मानसिंग पाय मागं घेत होता, तर हा म्हणाला, "जा की मर्दा. लई तर न्हाय म्हणंल. मरशील का?" कालव्यात मानसिंग बुडाला नाही, नोकरी लागली, सारजा हो म्हणाली. म्हणजे ज्याला ज्याला मानसिंग आपलं आयुष्य म्हणायचा त्या सगळ्याच्या पाठीवर सावळारामच्या पंजाचा ठसा होता. पण उपकार आठवायची ती वेळ नव्हती. त्या रात्री गादीवर पडून त्याला आठवत होतं ते वेगळंच, आणि ते आठवताना दात आपोआप आवळले जात होते.

सावळारामचा पोरगा सुयोग महामार्गावर अपघातात गेला. उसाची ट्रॉली अंधारात उभी, मागं दिवा नाही, आणि पोरगा मोटरसायकलवर. लग्नाचं वय, मुली बघणं चालू होतं. मानसिंग मातीला गेला, तेराव्यालाही गेला. त्यांच्या भागातली रीत अशी, की तेराव्याला गोडाचं करायचं, पण घरच्यांनी त्याला आधी हात लावायचा नाही. बाहेरचा जिवाभावाचा माणूस पहिला घास स्वतः खातो, मग घरच्या कर्त्याला आणि बाईला भरवतो, तेव्हा त्या घरातला दुखवटा उठतो. सावळारामनं मानसिंगचं नाव घेतलं. दुसऱ्या कुणाचं घेणार? पान मांडलं, लापशी वाढली, घरातली-भावकीतली माणसं बघत उभी राहिली, आणि मानसिंग म्हणाला, "मला चालत न्हाय. मी सोडलंय." सावळाराम त्याच्याकडं बघत होता. शेवटी भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं घास घेऊन कसंबसं उरकलं, आणि सावळारामनं तो म्हाताऱ्याच्या हातचा घास गिळला. पुढं महिना झाला नसेल, मानसिंग काही कामानं भिगवणकडं गेला असताना महामार्गाच्या हॉटेलावर त्याला सावळाराम दिसला. चार जणांत बसला होता, हातवारे करून काहीतरी सांगत होता, आणि हसत होता. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. पोराची राख थंड झाली नव्हती. मानसिंग हाक न मारता एसटीत बसला, आणि त्या दिवसापासून सावळारामच्या गावाला, पळसदेवला गेला नाही. फोन आला की सावळाराम म्हणायचा, "ये की. जग की लेका जरा. कशाला कुजत बसलायस?" आणि मानसिंग फोन कानापासून लांब धरायचा.

तर आता त्याला एक वाक्य सुचलं होतं. तुझा पोरगा गेला तरी तुझ्या तोंडावरचं हसू गेलं नाही. असं वाक्य माणसानं माणसाला बोलू नये, हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच ते बोलायचं होतं. ते बोललं की पन्नास वर्षांचं सगळं एका तोडीत संपणार होतं, मग कुणी पंगतीत हसणार नव्हतं, कुणी ये की म्हणणार नव्हतं. सकाळी उठून त्यानं पांढरा सदरा घातला, कुठं जातो ते न सांगता निघाला. भिगवणपर्यंत एसटी, तिथून दुसरी. मे महिना, खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा, पुढच्या सीटवर एक बाई पोराला उसाचा रस पाजत होती आणि तो रस सांडून मानसिंगच्या चपलेला चिकटला. चपलेचा तळ उचलताना चिकट आवाज यायचा. त्या प्रत्येक आवाजाला तो वाक्य मनात घोळवायचा, कधी "हसू" हा शब्द आधी आणायचा, कधी शेवटी. शेवटी आणलेला जास्त लागेल असं ठरलं. पळसदेवच्या फाट्यावर उतरला तेव्हा धरणाचं पाणी पार मागं हटलेलं दिसलं; एरवी बुडालेलं जुनं देऊळ शिखरापासून जोत्यापर्यंत उघडं पडलं होतं, आणि त्याच्याभोवती शहरातनं आलेली पोरं मोबाइल उंच धरून फोटो काढत होती. मानसिंगनं तिकडं पाठ केली आणि सावळारामच्या घराकडं चालू लागला.

दारात प्रयागबाई होती. सावळारामची बायको. तिनं त्याला बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवून, डोक्यावर पदर ओढून, ती थेट त्याच्या पायाशी वाकली. मानसिंग चपापून मागं सरला.

"अवं, वयनी, ह्ये काय?"

"असू द्या भावजी. तुमच्या पाया न्हाय पडायचं तर कुणाच्या?"

तिनं घोंगडी टाकली, पाणी दिलं, आणि न विचारता कोरा चहा केला, बिनसाखरेचा. समोर भिंतीला टेकून बसली. बाई अर्धी झाली होती. गळ्याची कातडी लोंबत होती आणि डोळे मात्र धगधगीत. तिनं स्वतःलाही तोच कडू चहा ओतून घेतला होता.

"आमच्या घरात बी तवापास्नं गोड केलं न्हाय," ती म्हणाली. "दिवाळी न्हाय, पाडवा न्हाय. त्यो म्हाताऱ्यानं भरीवलेला घास मी मागल्या दारी जाऊन थुकला. म्या म्हणलं, मानसिंग भावजी परके असून माझ्या लेकरासाठी गोड खाईनात, आन् मी आई असून खाऊ? तुमी एकट्यानं माझ्या पोराचं दुःख केलं. ह्यांनी न्हाय केलं. ह्यांना हसाय येतंय. रोज सांगती ह्यांना, भावजींकडं बघा. माणूस त्यो."

मानसिंगनं चहा खाली ठेवला. माणसाला आयुष्यात एकदा तरी कुणी असं बोलावं. त्याच्या घरात त्याला असं कुणी बोलत नव्हतं. छाती भरून आली, आणि भरून येता येताच मधे काहीतरी फसकन् बसलं. सुयोगसाठी? तेराव्याच्या त्या पानासमोर बसताना सुयोग त्याच्या मनात होता का? त्यानं आठवून बघितलं. लापशीतलं तूप आठवलं, वर तरंगणारा खोबऱ्याचा काप आठवला, सगळे आपल्याकडं बघताहेत हे आठवलं, आणि आता आपण नाही म्हणणार आणि सगळीकडं गप्प होणार, हे आधीच कळून पोटात आलेली ती गार गोड लहर आठवली. पोराचा चेहरा काही केल्या आठवेना. आणि सारजा? सारजाही नव्हती तिथं. तो एकटाच होता. प्रयागबाई आदरानं बघत होती आणि तिच्या त्या बघण्यानं त्याला उघड्यावर अंघोळ करताना धरल्यासारखं झालं. "सावळा कुठाय?" एवढंच विचारून उठला.

पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात इथले लोक पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. सावळारामनं कलिंगडं लावली होती. तो वाकून एकेक फळ हातानं फिरवून खालची बाजू वर करत होता, उन्हानं एकाच अंगाला भाजू नये म्हणून. मानसिंग वाफ्याच्या कडेला उभा राहिला. राम राम केला नाही. घोळवून घोळवून गुळगुळीत झालेलं वाक्य त्यानं बाहेर काढलं आणि टाकलं, "हसू" शब्द शेवटी आणून, ठरवला होता तसा.

सावळारामचा हात फळावर थांबला. मग त्यानं ते फळ नीट फिरवून ठेवलं.

"झालं बोलून?" तो म्हणाला. "ह्येच सांगाय बारामतीवरनं आलास व्हय, तिकीट काढून? मर्दा, ह्ये तर मी घरात फुकट ऐकतो. रोज. आन् तुझ्या नावानं ऐकतो. भावजी असं, भावजी तसं. भावजींनी गोड सोडलं."

"मी काय तिला सांगाय गेलो न्हवतो."

"मी बी सांगितलं न्हाय तिला खरं. त्या दिवशी तू सारजावयनीच्या नावाचं सोडणं पुढं केलंस, पोराच्या न्हाय, ह्ये मला तितंच कळलं. पर तिला म्हणलं न्हाय. तिला तेवढाच आधार हाय. तू बी बोलू नगंस." तो कमरेवर हात देऊन सरळ झाला. चेहऱ्यावर घामाचे ओघळ होते आणि राग होता. हा राग मानसिंगनं पन्नास वर्षांत बघितला नव्हता. "माझ्या तोंडावरनं हसू जाईना, खरं हाय. पोरगं आठवलं की मला त्याचं मढं दिसत न्हाय रं. त्याचा येडेपणा दिसतो. मला हसायच येतं. ह्यात मी काय करू? माणसं माझ्याकडं कशी बघत्यात, ठावं हाय? हाटेलात हसली तरी पाठ फिरली की थू करत्यात. बायकू तर तोंडावर करती. तुला जग जग म्हणतो, त्ये काय तुझं भलं व्हावं म्हणून म्हणतो असं वाटलं व्हय तुला? मला एकट्याला लाज वाटाय लागलीया. दोघं असतो तर निम्मी निम्मी झाली असती."

ऊन टाळूवर बसत होतं, गाळाला कुजकट, माशासारखा वास होता आणि पायाखाली तो सुकून टवके निघत होते. भांडण करायला आलेल्या माणसाला समोरच्यानं आपलं दुखणं काढून हातात द्यावं, हा काय न्याय झाला? त्याला सावळारामचा पुन्हा राग आला, पहिल्यापेक्षा जास्त. म्हणजे एवढी वर्षं ज्याला आपण धक्का देणारा समजत होतो तो धक्का देत नव्हता, धरायला हात शोधत होता. आणि आपण कालव्याच्या काठावर सदरा सांभाळत उभे. परत जावं, पाचची गाडी मिळेल, गॅलरीतली खुर्ची आहेच, आणि इथं एक बाई जन्मभर आपल्याला देवासारखं मानील. सोडायचं तर काहीच नाही, नुसतं निघायचं. पण सावळाराम "चल, जेवाय," म्हणून पुढं चालू लागला होता, खांदे पाडून. मागून बघताना हा माणूस एवढा बुटका कधीपासून झाला, ते मानसिंगला कळेना.

प्रयागबाईनं भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा वाढला. मानसिंगपुढं ताट मांडलं ते पदरानं पुसून, नवऱ्यापुढं ठेवलं ते आपटून. घरातला सावळाराम पंगतीतला सावळाराम नव्हता. मान खाली घालून भाकरी मोडत होता, चावण्याचाही आवाज होऊ देत नव्हता. दोन-चार घास गेले. मग न राहवून, ताटाकडंच बघत, तो बोलला, "सुयोगला घिऊन नरसिंगपुरला पोरगी बघाय गेलतो, त्ये सांगितलं का तुला?"

"झालं सुरू," प्रयागबाई म्हणाली. "भावजींच्या म्होरं तरी जीभ आवरा."

सावळारामनं तोंड मिटलं. खरंच मिटलं, दटावलेल्या पोरानं मिटावं तसं. प्रयागबाई मानसिंगकडं बघत होती; आता तो नवऱ्याला दोन शब्द सुनावील, नाहीतर निदान नेहमीसारखा गप्प तरी बसेल, याची तिला खात्री होती. त्याच्या त्या गप्प बसण्यावर ह्या घराची सगळी वर्षं उभी होती. आणि मानसिंगच्या तोंडून आवाज आला, तो त्यालाच परका वाटला.

"मग? काय झालं तितं?"

सावळारामनं वर बघितलं. आधी विश्वास बसेना, मग हळूहळू डोळ्यांत काहीतरी चढत गेलं. "काय हुणार? पव्हं झालं, च्या झाला. पोरीचा बाप म्हणला, इचारा की पावणं, तुमाला काय इचारायचं त्ये. ह्यो गप. कानाच्या पाळ्या लाल. मी खालनं कोपरानं ढोसला. तवा एकदम तोंड उघडलं आन् पोरीला म्हणतो, 'तुमच्याकडं लाईट कवा असती?'"

मानसिंगला आधी ठसका लागला. भाकरीचा कण नाकात गेला, डोळ्यांना पाणी आलं, आणि त्या ठसक्याच्या आतून काहीतरी वर आलं, बरगड्यांना दुखवत, वापरात नसलेलं दार ढकलून उघडावं तसं. तो हसत होता. "आन् पोरगी?" त्यानं कसंबसं विचारलं.

"पोरगी बी शेतकऱ्याची! म्हणली, 'एक आठवडा रातची, एक आठवडा दिवसाची.' आन् गाडीत बसल्यावर ह्यो मला म्हणतो, 'आबा, पोरगी हुशार हाय.'"

आता मानसिंगला ताट धरवेना. सुयोगचा चेहरा त्याला दिसला, लख्ख, लाल झालेल्या कानांसकट. तेराव्याला दिसला नव्हता तो आज दिसला, आणि त्याला हुंदक्यासारखं हसू येत राहिलं.

"भावजी," प्रयागबाई उभी राहिली होती. "तुमी बी?"

एक शब्द पुरला असता. पोराची आठवण आली वयनी, म्हणून डोळे पुसले असते तरी तिनं पदरात घेतलं असतं. ती तेवढी जागा ठेवून थांबली होतीही. मानसिंगनं तिच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत त्याची मूर्ती अजून उभी होती, नुसती कलली होती. हात पुढं करून ती सरळ करता आली असती. त्यानं हात पुढं केला नाही.

"व्हय, वयनी," तो म्हणाला. "मी बी."

तिचा चेहरा दगडासारखा झाला. खाली वाकून तिनं दोघांच्या पुढची ताटं उचलली, अर्ध्या भाकरीसकट. "निघा," ती म्हणाली. "दोघं बी निघा माझ्या घरातनं. माझं लेकरू मेलंय आन् म्हातारं दात काढत्यात. थू तुमच्या जिंदगानीवर." आणि ती खरंच थुंकली, उंबऱ्यापाशी.

दोघे उष्ट्या हातांनी बाहेर आले आणि लिंबाखालच्या दगडावर बसले. ऊन कलंडलं होतं. शेजारच्या घरातली बाई दारात येऊन बघून आत गेली. उद्या गावभर होईल, बारामतीलाही पोहोचेल, यशराजच्या कानावर जाईल. ज्या एका घरात मानसिंगला मान होता ते त्यानं आत्ता हातानं मोडलं होतं, आणि एका बाईच्या जखमेवर पाय देऊन मोडलं होतं, आणि बरगड्या मात्र अजून दुखत होत्या, चांगल्या दुखत होत्या. सावळारामच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"सारजा," मानसिंग म्हणाला, आणि थांबला. इतक्या वर्षांनी त्या नावाला जीभ लावताना आधी चाचपून बघावं लागलं. मग पुन्हा म्हणाला, "सारजानं एकदा कारखान्याच्या डायरेक्टरला शेळीचं करडू धराय लावलं हुतं. त्यो आला मला भेटाय. पांढरी फेक कापडं. हिला काय माहीत त्यो कोण. हिला वाटलं, उसाच्या चिठ्ठीसाठी आलाय कुणीतरी. म्हणली, नुसतं बसलाय तर ह्ये धरा. शेळी करडाला पिऊ दिना, म्हणून हिनं शेळीच्या तंगड्या धरल्या आन् करडू दिलं डायरेक्टरच्या मांडीव—"

आत भांडी आदळत होती. मधेच आवाज थांबला, आणि दारातून पाण्यानं भरलेला तांब्या भिरकावला गेला, तो दोघांच्या मधे येऊन आपटला, पाणी उडालं, मानसिंगचा पांढरा सदरा भिजला. तो हात धुवायला दिला होता की डोक्यात घालायला, कळायला मार्ग नव्हता. सावळाराम उठायला लागला. मानसिंगनं त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं.

"बस," तो म्हणाला. "खरी मजा तर म्होरंच हाय."